भिंतीला टेकवलेली सायकल

आमच्या कारखान्यात त्यांना तोंडावर सगळे ‘साहेब’ म्हणायचे आणि पाठीमागे ‘मायक्रॉन’. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. पंपाच्या दांड्यात पाच-सहा मायक्रॉनचा फरक आला तरी हा माणूस तो दांडा लाल ट्रेमध्ये टाकायचा आणि ज्या कारागिराने तो केला असेल त्याला बोलावून दाखवायचा. ओरडायचे नाहीत. नुसतं दाखवायचे. त्यापेक्षा ओरडलेले परवडले असते, असं लेथवाले म्हणायचे.

तपासणीच्या काचेच्या खोलीत दोनच टेबलं होती. एक त्यांचं, एक माझं. ते माप घ्यायचे आणि मी नापास मालाच्या चिठ्ठ्या लिहायची. अकरा वर्षं. ही गोष्ट सांगू का, म्हणून मी त्यांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, “सांगा. फक्त सांगता सांगता मला चांगला करू नका.”

तर तो गुरुवार होता. साहेबांच्या बायकोला दाताच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं, म्हणून ते चारलाच निघाले. एरवी गेटपाशी लागणारी त्यांची गाडी त्या दिवशी कँटीनच्या मागच्या दारापाशी होती. त्यांनी गाडी मागे घ्यायला सुरुवात केली आणि शेजारच्या सीटवर फोन वाजला. बायकोचाच असणार, म्हणून त्यांनी खाली पाहिलं. तेवढ्यात मागून पत्र्याचा डबा चेपल्यासारखा आवाज आला.

उतरून बघतात तर कँटीनच्या मावशींची सायकल. मागचं चाक पार आठाच्या आकड्यासारखं झालेलं, चाकाजवळच्या दोन्ही नळ्या वाकलेल्या, चेन जमिनीवर लोळत पडलेली. आत यंत्रं धडधडत होती, त्यामुळे कोणाला काही ऐकू गेलं नव्हतं. गेट पलीकडच्या अंगाला. आवारात चिटपाखरू नव्हतं.

साहेबांनी सायकल उचलली आणि भिंतीला टेकवली. मोडकी बाजू भिंतीकडे केली. घंटीची टोपी निखळून पडली होती, ती उचलून कॅरियरवर ठेवली. मग गाडीत बसले आणि गेले.

“उद्या सकाळी सांगू असंच मनात होतं,” ते मला म्हणाले. “पण मग ती टेकवली कशाला, हे मला अजून सांगता येत नाही. मावशींना त्रास होऊ नये म्हणून टेकवली, असं मी त्या रात्री स्वतःला समजावलं. मोडकी सायकल उभी दिसली तर कमी त्रास होतो, असं कुठे असतं का?”

बायकोने बंपरवरचा ओरखडा पाहिला आणि विचारलं. “खांबाला घासली,” ते म्हणाले.

मावशी म्हणजे आमच्या कँटीनचा कणा. पन्नाशी ओलांडलेल्या, बुटक्या, दणकट, आणि जीभ अशी की मॅनेजरसुद्धा ताट घेताना मान खाली घालायचा. पहिल्या पाळीला सातला चहा-नाश्ता लागायचा, म्हणून त्या साडेपाचलाच येऊन शेगड्या पेटवायच्या. त्या वेळी बस नसते. चौदा वर्षं त्या सायकलनेच येत होत्या.

शुक्रवारी चहा आठला आला. मावशी चालत आल्या होत्या. रांग लागली होती, लोक कुरकुरत होते, आणि मावशी हातात डाव धरून सांगत होत्या. साहेब रांगेत तिसरे होते. मी त्यांच्या मागे.

“मोडली त्याचं मला काही नाही,” मावशी म्हणत होत्या. “वस्तू आहे, मोडते. पण मोडून वर भिंतीला टेकवून ठेवली. जसं काही झालंच नाही. मी आपली पिशव्या लावल्या, हँडल धरलं, ओढायला गेले तर चाक फिरेचना. आणि माझ्या घंटीची टोपी कशी नीट ठेवून गेलाय बघा. केवढं ते धाडस.”

“टेंपोवाल्याशिवाय तिथे मागे गाडी घेतो कोण?” रांगेतलं कोणीतरी म्हणालं.

“मला पण तेच वाटतंय,” दुसरं कोणी म्हणालं.

साहेबांचं ताट भरेपर्यंत निकाल लागला होता. त्यांनी घरून निघताना वाक्य तयार केलं होतं, ‘मावशी, काल माझ्या हातून एक चूक झाली.’ एवढंच. पण आधी दोन माणसं होती, मागे तीस, आणि मावशींच्या हातात डाव. दुपारी एकट्या असताना सांगू, असं ठरवून ते ताट घेऊन बाजूला झाले.

दुपारी टेंपोवाला भाजी घेऊन आला. पस्तिशीचा, मितभाषी माणूस. पोती आत नेऊन द्यायचं काम त्याचं नव्हतं, पण गेली सहा वर्षं तो मावशींच्या कंबरेकडे बघून ती आत नेऊन टाकायचा आणि मावशी त्याला चहा आणि शेगडीवरचं काहीतरी गरम द्यायच्या. त्या दिवशी त्यांनी चहा दिला नाही.

“मावशी, मी नाही केलं,” तो म्हणाला. “माझ्याकडून झालं असतं तर मी सांगितलं नसतं का?”

“तेच तर मला लागलंय,” मावशी म्हणाल्या.

तो तीनदा म्हणाला, मी नाही केलं. साहेब तेव्हा खिडकीशी पाणी पीत उभे होते. पाणी संपलं तरी पेला तोंडाला लावून उभे राहिले.

आता माझंही सांगून टाकते. मावशींची सायकल हिरवी होती आणि साहेबांची गाडी पांढरी. सोमवारी मी त्यांच्या गाडीमागून जाताना बंपरवर बोटभर हिरवा रंग पाहिला. दोन पावलं पुढे गेले, परत आले, पुन्हा पाहिला. मग वर जाऊन चिठ्ठ्या लिहायला बसले. साहेबांच्या वाटेला कोण जाणार, हे एक. आणि दुसरं असं की, खरं सांगायचं तर, दुसऱ्याचं पाप माहीत असणं जरा सुखाचं असतं. ते मी आठवडाभर जवळ ठेवलं. आठव्या दिवशी कँटीनच्या ठेकेदाराने टेंपो बदलला आणि माझं सुख संपलं. तरीही मी बोलले नाही.

साहेब तेव्हा एकेक दांडा दोनदोनदा मोजायला लागले होते. मोजून झाला की हातात धरून बसायचे. माल तुंबू लागला.

टेंपो बदलला त्याच संध्याकाळी ते सायकलच्या मोठ्या दुकानात गेले. मावशींना सायकल द्यायची आणि देतानाच सगळं सांगून टाकायचं, असा त्यांचा बेत होता. रिकाम्या हाताने सांगण्यापेक्षा ते बरं, असं त्यांना वाटलं. दुकानात एकवीस गिअरवाली चकचकीत सायकल त्यांना दाखवली. “कोणासाठी आहे, सर? वहिनींसाठी का?” विक्रेत्याने सहज विचारलं. साहेब “बघतो” म्हणून बाहेर पडले.

मग ते रेल्वेच्या पुलाखालच्या मिस्त्रीकडे गेले. हा मिस्त्री मान वर न करता बोलायचा. ग्राहकाचा चेहरा त्याला बहुधा माहीतच नसायचा, सायकल तेवढी माहीत असायची.

“गिअर कशाला पाहिजेत?” तो म्हणाला. “रोज पहाटे अंधारात निघायचं म्हणता. वाटेत गिअरची तार अडकली, चेन उतरली, तर त्या बाईंनी काय करायचं? बिनगिअरची घ्या. जेवढे भाग कमी तेवढी कटकट कमी. पण मग पायाशी एकच गिअर राहतो, तो त्या माणसाला जुळेल असाच बसवावा लागतो. उंची किती?”

“असतील… माझ्या खांद्याएवढ्या.”

“चढ आहे का वाटेत?”

“ते माहीत नाही.”

“सामान किती असतं?”

“पिशव्या असतात बहुतेक.”

मिस्त्रीने तेव्हा मात्र मान वर केली. “माणूस ओळखीचं आहे ना?”

“रोज भेटतात. अकरा वर्षं.”

“बरं,” मिस्त्री म्हणाला आणि पुन्हा पंक्चरकडे वळला. त्या ‘बरं’ने साहेबांची कानशिलं तापली. अकरा वर्षं या बाईच्या हातचं जेवलो आणि ती शहराच्या कुठल्या बाजूने येते हेही आपल्याला ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला विचारलं, “मावशी राहतात कुठे हो?” मी सांगितलं, रेल्वेच्या पुलापलीकडे, पाण्याच्या टाकीपासून तिसरी गल्ली. आणि त्यांनी न विचारताच हेही सांगितलं की, कँटीनमधल्या सगळ्यांचे मळके अ‍ॅप्रन त्या घरी नेऊन धुतात, वीस-बावीस असतात, ओले असले की भलते जड होतात. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. का विचारता, असं मी विचारलं नाही. दोघांनाही कळलं असावं. दोघंही कामाला लागलो.

मोडकी सायकल अजून कँटीनमागे पडून होती. जेवणाच्या सुट्टीत साहेबांनी तिचं माप घेतलं. खालच्या पायडलपासून सीटच्या माथ्यापर्यंत, सीटपासून हँडलपर्यंत. मग रविवारी मावशींच्या घरापासून कारखान्यापर्यंतचा रस्ता ते पायी चालले. साडेसहा किलोमीटर. मध्ये खडीचा तुकडा, पुढे पुलाचा लांबलचक चढ, आणि शेवटी कारखान्याच्या कुंपणालगत अर्धा किलोमीटर एकही दिवा नाही. घरी आले तेव्हा टाचेला फोड आला होता. मावशी गेले पंधरा दिवस हे अंतर जाऊन-येऊन रोज चालत होत्या.

मिस्त्रीकडे जुन्या तीन फ्रेम होत्या. आडवा दांडा खाली असलेली निळी फ्रेम त्याने निवडली, कारण पायघोळ कपड्यांत बसता-उतरता आलं पाहिजे. शिवाय तिच्या मागच्या चाकाच्या खाचा लांबट होत्या. गिअर नसले की चेन ताणायची ती चाक मागे सरकवूनच, त्यामुळे खाचेला लांबी हवी, असं त्याने समजावलं. बाकीचं साहेबांनी ठरवलं. खडीसाठी रुंद टायर, दोन्ही चाकांना ब्रेक, पुढे चांगला दिवा, मागे लाल, रुंद कॅरियर, पक्कं स्टँड, पूर्ण चेनकव्हर. चाकाचा आऊट, म्हणजे डगमग, काढताना साहेबांनी खिशातून कारखान्यातलं डायलचं माप काढलं आणि चाकाला लावलं. मिस्त्री हसला. “रस्ता तुमच्या मापाचा नाही, साहेब.”

पुढच्या चकतीला चव्वेचाळीस दात होते आणि मागे सोळा. सपाटीला ही सायकल पळते झकास, मिस्त्री म्हणाला, पुलाचं तुम्हीच बघा. साहेबांनी कॅरियरवर वाळूची पिशवी बांधली, सीट आपल्यापुरती वर केली आणि पुलाकडे निघाले. पस्तीस वर्षांनी सायकलवर बसले होते. अर्ध्या चढावर मांड्यांनी दगा दिला. खाली उतरले आणि ढकलायला लागले.

मागून एक टेंपो आला, पुढे जाऊन थांबला, आणि त्यातून तोच टेंपोवाला उतरला.

“साहेब, तुम्ही?” तो म्हणाला. “द्या इकडे.” आणि त्याने मागून कॅरियरला हात लावून सायकल वरपर्यंत ढकलत नेली. टेंपोत सिमेंटचे पत्रे होते. भाजीच्या जागी त्याला आता हे काम मिळालं होतं, लांबचं आणि हाडं खिळखिळी करणारं.

“नवी घेतली का?”

“हो.”

“चांगली आहे. मला सध्या सायकल दिसली की कसंतरी होतं. मावशी मला मुलासारखं बघायच्या. माझ्या आईला मी अजून सांगितलेलं नाही का काम सुटलं ते.” त्याने हात झटकले. “तुमचं काही नाही हो, साहेब. तुम्ही तरी त्या दिवशी काही बोलला नाहीत. बाकी सगळे बोलले.”

त्या वाक्याने साहेबांना जागच्या जागी मेल्यासारखं झालं. ‘तुम्ही काही बोलला नाहीत.’ तो आभार मानत होता. टेंपो निघून गेला आणि साहेब पुलाच्या माथ्यावर सायकल धरून उभे राहिले. त्याही वेळी ते बोलले नाहीत.

मिस्त्रीने मागची सोळा दातांची चकती काढून वीस दातांचं फ्रीव्हील घातलं. चकती मोठी झाली तशी जुनी चेन अपुरी पडली, म्हणून नवी घालून बेताने तोडली. आता पाय भराभर मारावे लागत होते, पण पूल बसल्या बसल्या चढता येत होता. साहेब चेन तारेसारखी ताणायला निघाले तेव्हा मिस्त्रीने त्यांचा हात धरला. “बोटाने दाबली तर अर्धा इंच खाली गेली पाहिजे. एवढी ताणलीत तर जड चालेल आणि लवकर झिजेल.” पुढची-मागची चकती एका रेषेत आहे का, तेही त्याने मागून एक डोळा मिटून पाहिलं. शेवटी सीट मावशींच्या मापाला खाली घेतली.

बुधवारी सकाळी साहेबांनी सायकल कँटीनच्या दारात आणली. बोलायचं ते ठरलं होतं. मावशी हात पुसत बाहेर आल्या, त्यांनी सायकल पाहिली आणि त्यांचा चेहरा असा काही उजळला की साहेबांच्या तोंडून वेगळंच बाहेर पडलं.

“माझ्या ताईची आहे. पडून होती. म्हटलं तुम्हाला उपयोगी पडेल.”

मावशींनी घंटी वाजवली, ब्रेक दाबले, एक फेरी मारली. “सीट अगदी माझ्या पायाला आहे. तुमच्या ताई माझ्याएवढ्याच का?”

“हो, साधारण.”

दुपारपर्यंत साऱ्या कारखान्यात पसरलं. मॅनेजरने बैठकीत साहेबांचं उदाहरण दिलं, माणुसकी काय ती यांच्याकडून शिका म्हणाला, आणि टाळ्या झाल्या. लेथवाल्यांनी सुद्धा वाजवल्या. मी पण वाजवल्या. मावशी त्यांच्या ताटात सगळ्यांपेक्षा मोठा डाव वाढायला लागल्या. साहेब डबा आणू लागले. विचारलं की म्हणायचे, पोट बरं नाही. ते मात्र खोटं नव्हतं.

तीन आठवडे असे गेले. मग एका संध्याकाळी साहेबांची बायको त्यांना न्यायला गेटपाशी आली आणि मावशींनी तिला गाठलं. “तुमच्या नणंदबाईंना माझे आभार सांगा बरं का. काय मजेत चालते त्यांची सायकल.”

बायको बाई धोरणी. “सांगते हां,” म्हणाली. घरी येऊन चपला काढल्या, पाणी प्यायली आणि मग म्हणाली, “अहो, तुमच्या ताईंना सायकल येतच नाही. तुम्हीच शिकवली नाहीत, म्हणून अजून ऐकवतात.”

साहेब खुर्चीत बसले आणि सगळं सांगितलं. खांब, बंपर, भिंत, टेंपोवाला, पूल, टाळ्या.

“मला खांब सांगितलात,” शेवटी ती म्हणाली. “ते राहू दे, आपलं आपण बघू. पण आज त्या बाईने माझे दोन्ही हात धरले होते. मला काही माहीत नव्हतं म्हणून मी उभी राहिले. पुन्हा मला तिच्यासमोर उभं करू नका.”

दुसऱ्या दिवशी साहेब सहाला कँटीनमध्ये पोचले. मावशी एकट्याच होत्या, मोठ्या पातेल्यात चहाचं पाणी चढवत होत्या. साहेबांनी ते तयार वाक्य म्हटलं, आणि मग न थांबता बाकीचंही.

मावशींनी शेगडी बारीक केली. “धडक तुमची लागली,” त्या म्हणाल्या. “बरं. आणि भिंतीला कोणी टेकवली?”

“मीच.”

“टोपी?”

“मीच.”

मावशींनी पातेल्यात पत्ती टाकली. “मी त्या पोराला काय काय बोलले तुम्हाला माहीत आहे का? धडक मारलीस त्याचं नाही म्हटलं, टेकवून ठेवलीस, तुझ्यात माणूसपण नाही म्हटलं. ते तुम्ही ऐकत होतात. पाणी पीत होतात.”

“हो.”

“आणि मी ठेकेदाराला सांगून त्याचं काम घालवलं. मी. तुम्ही नाही. तुम्ही नुसते गप्प बसलात, बोलले मी.” त्यांचा आवाज फाटला. रागाने नव्हे. साहेब म्हणतात, तोपर्यंत त्यांना वाटत होतं की लाज ही आपल्या एकट्याचीच आहे. आपण ती दुसऱ्याच्याही पदरात टाकून ठेवली आहे हे त्यांना त्या क्षणी समजलं, आणि त्यांना मावशींकडे बघवेना.

“सायकल परत नेऊ का?” त्यांनी विचारलं.

“का म्हणून? माझी मोडलीत, तिच्या जागी ही आली. ही बक्षीस नाही, हे आजपासून तुम्हीही लक्षात ठेवा आणि मीही ठेवते. मी तर रोज तुमच्या ताईंचं नाव घेत होते.” त्यांनी शेगडी पुन्हा मोठी केली. “चहा झाला की सगळ्यांना मी सांगणार नाही. ते तुमचं काम. मला संध्याकाळी त्याच्या घरी जायचंय. तुम्ही यायचं.”

साहेबांनी सकाळच्या बैठकीत सांगितलं. जिथे टाळ्या झाल्या होत्या तिथेच उभं राहून, चिठ्ठीवरचा दोष वाचावा तसं वाचून दाखवल्यासारखं. मॅनेजर म्हणाला, “ठीक आहे, झालं गेलं.” साहेब म्हणाले, “ठीक नाही. ठेकेदाराला पण कळलं पाहिजे.” बंपरवरचा रंग मी पाहिला होता, हे मी तेव्हाही बोलले नाही. त्यांना एकट्याला नंतर खोलीत सांगितलं. त्यांनी पुढचा दांडा मापाला घेतला.

संध्याकाळी मावशी निळ्या सायकलवर पुढे आणि साहेब मागे पायी, असे दोघं टेंपोवाल्याच्या घरी गेले. तो दारातच टायर बदलत होता. मावशी आधी बोलल्या. “दादा, मी चुकले.” मग साहेब बोलले.

टेंपोवाल्याने हातातला पाना खाली ठेवला. “पुलावर भेटलात तेव्हा?” त्याने विचारलं. “तेव्हा पण तुम्हाला माहीत होतं?”

“हो.”

“मी तुमची सायकल ढकलली.”

“हो.”

तो मावशींना म्हणाला, “मावशी, तुम्ही आत या, आई आहे.” साहेबांना म्हणाला नाही. साहेब थोडा वेळ दारात उभे राहिले आणि मग घरी गेले.

ठेकेदाराने महिनाभराने त्याला परत घेतलं, पण तीनच दिवस. बाकीचे दिवस दुसऱ्याचे झाले ते झालेच. मावशींची आणि त्याची गाडी हळूहळू रुळावर आली. साहेबांच्या ताटात मावशी आता सगळ्यांएवढाच डाव वाढतात, कमी नाही, जास्त नाही. बोलतात, पण थट्टा करत नाहीत. पूर्वी करायच्या.

लेथवाल्यांना मात्र आयता शब्द मिळाला. कोणी चूक दडवली की म्हणतात, ‘भिंतीला टेकवली’. नवीन आलेल्यांना तो शब्द कुठून आला हे माहीतही नसतं. एकदा एक कारागीर नापास दांडा बघून साहेबांना हसत म्हणाला, “राहू द्या ना साहेब, टेकवू भिंतीला.” मी वर पाहिलं नाही. साहेब म्हणाले, “नको. चिठ्ठी लिहा.” कान लाल झाले होते.

ते अजून तसेच मोजतात. फक्त आता नापास दांडा दाखवायला कारागिराला बोलावत नाहीत, स्वतः उठून त्याच्या यंत्रापाशी जातात.

मागच्या थंडीत टेंपोवाल्याचा हात लचकला होता. साहेब कँटीनमागून चालले होते. तो पोत्याशी झटत होता. त्या प्रकरणाला दीड वर्ष झालं होतं आणि दोघांत एक शब्द गेला नव्हता. त्याने साहेबांकडे पाहिलं, मग पोत्याकडे पाहिलं.

“ती बाजू धरा,” तो म्हणाला.

साहेबांनी धरली. दोघांनी पोतं आत नेऊन टाकलं. मावशी भाजी चिरत होत्या, त्यांनी एक चहा ओतला आणि टेंपोवाल्याला दिला. साहेबांनी हात झटकले आणि ते खोलीत येऊन बसले. शर्टाला माती लागली होती. झटका ना, असं मी म्हणाले, तर म्हणाले, “राहू दे.”